वाचनालयात ऑनलाइन सुरक्षिततेचा वर्ग कसा चालवावा : ठाण्यातल्या अनुभवावरून

नौपाड्यातील एका लहान वाचनालयाच्या कार्यकारिणीवर मी काही वर्षे काम करतो आहे. त्याआधी बँकेत नोकरी केली आणि तिथली शेवटची वर्षे तक्रारींच्या टेबलावर काढली. त्यामुळे निवृत्तीनंतर वाचनालयात ऑनलाइन फसवणुकीविषयी कार्यक्रम घ्यावा असे मनात आले, तेव्हा ते काम आपल्याला सहज जमेल अशी माझी समजूत होती. पहिला कार्यक्रम आम्ही थाटात केला. सभागृह भाड्याने घेतले, पडद्यावर चाळीस स्लाइड दाखवणारे वक्ते बोलावले, शेवटी चहा आणि बटाटेवडा ठेवला. सत्तर-ऐंशी माणसे आली, टाळ्याही पडल्या. पुढच्याच आठवड्यात, त्या दिवशी पहिल्या रांगेत बसलेल्या एका सभासदांचे वीजबिलाच्या खोट्या संदेशापायी सतरा हजार रुपये गेले. ते म्हणाले, "तुम्ही सांगितलेले सगळे पटले होते हो, पण माझ्या फोनवर आले तेव्हा ते तसे दिसलेच नाही."

त्यानंतर आम्ही भाषण बंद केले आणि टेबल मांडले. दर शनिवारी दुपारी चार ते साडेपाच, एका टेबलाभोवती सात-आठ माणसे, प्रत्येकाच्या हातात स्वतःचा फोन, अशा स्वरूपात हा वर्ग चालतो. ठाणे, नवी मुंबई, कल्याण किंवा आणखी कुठल्या वाचनालयात कोणाला असे काही सुरू करायचे असेल, तर आम्ही खाल्लेल्या ठेचा त्यांना खाव्या लागू नयेत म्हणून हा क्रम लिहून ठेवत आहे.

वाचनालयच का, असा प्रश्न कार्यकारिणीच्या बैठकीत हमखास येतो. फसवणूक झालेला माणूस पोलीस ठाण्यात जायला बिचकतो, बँकेत रांग असते आणि मुलांना सांगायची तर त्याला लाज वाटते. वाचनालयात मात्र तो तसाही रोजचे वर्तमानपत्र वाचायला येतो, तिथे कोणी त्याला काही विकत नाही आणि ग्रंथपालांना तो नावाने ओळखतो. ठाण्यात तर मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून, म्हणजे मुंबईतील मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्याही पाच वर्षे आधीपासून आहे. इथल्या लोकांना काही विचारायचे असले की वाचनालयाची पायरी चढायची सवय आहे आणि त्या सवयीचा उपयोग करून घ्यायचा, एवढाच यामागचा विचार.

१. आधी ठराव, मग वर्ग

उत्साहाच्या भरात वर्ग आधी सुरू करू नका. कार्यकारिणीच्या बैठकीत लेखी ठराव करून घ्या आणि त्यात वार, वेळ, जबाबदार व्यक्तीचे नाव, वर्ग विनामूल्य असल्याचा उल्लेख आणि कोणत्याही वस्तूची, पॉलिसीची किंवा अॅपची जाहिरात होणार नाही ही अट, इतके नमूद करा. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ खाली शासनमान्य असलेल्या आणि अ, ब, क, ड यांपैकी कुठल्यातरी वर्गात अनुदान घेणाऱ्या वाचनालयांनी वर्गाचा खर्च अनुदानाच्या हिशेबात न मिसळता देणगीतून वेगळा दाखवावा, म्हणजे लेखापरीक्षणाच्या वेळी खुलासे करत बसावे लागत नाही. आमचा पहिल्या वर्षाचा खर्च झेरॉक्स, दोन एक्स्टेंशन बोर्ड आणि चहा यापलीकडे गेला नाही.

अटीमधला जाहिरातीचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. वर्गाची पाटी लागल्यानंतर दुसऱ्याच आठवड्यात एक गृहस्थ अँटिव्हायरसची पाकिटे घेऊन आले आणि वर्गाला पुरस्कृत करण्याची तयारी दाखवू लागले. त्यांना नकार देणे ठरावामुळे सोपे गेले. ज्या टेबलावर आपण लोकांना अनोळखी माणसाने सांगितलेले अॅप घेऊ नका असे शिकवतो, त्याच टेबलावर अनोळखी माणसाचे अॅप विकले जाणे बरे दिसले नसते.

सुरुवातीसाठी चांगले निमित्त हवे असेल तर १४ ते २० नोव्हेंबरचा राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह किंवा १२ ऑगस्टचा ग्रंथपाल दिन घ्यावा. प्रत्येक महिन्याचा पहिला बुधवार केंद्रीय गृह मंत्रालयाने सायबर जागरूकता दिवस म्हणून ठरवलेला आहे, तोही चालेल.

२. जागा आणि साहित्य

फार काही लागत नाही, पण जे लागते ते ऐन वेळी शोधू नये. आमच्या कपाटात एका डब्यात पुढील वस्तू कायम असतात:

- टाइप-सी आणि जुन्या पद्धतीचे, असे दोन्ही चार्जर, कारण निम्म्या लोकांचे फोन पंधरा टक्क्यांवर असतात;
- एक भिंग आणि वाचायचे दोन सुटे चष्मे;
- मोठ्या अक्षरात छापलेले एक पानी टिपण, ज्याच्या डोक्यावर १९३० हा सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा क्रमांक असतो;
- कोरे कागद, स्केचपेन आणि एक जाड नोंदवही;
- सरावासाठी एक जुना फोन, ज्यात सिमकार्ड नाही आणि कोणाचेही खाते नाही.

प्रोजेक्टर मुद्दाम या यादीत नाही. पडदा लागला की माणसे पडद्याकडे पाहतात आणि हातातला फोन खिशात जातो.

हजेरीच्या वहीत आम्ही नाव आणि वेळ यापलीकडे काही लिहून घेत नाही. पूर्वी मोबाइल क्रमांकाचा रकाना होता आणि वही दिवसभर काउंटरवर उघडी पडलेली असे, म्हणजे येणाराजाणारा कोणीही ऐंशी ज्येष्ठ नागरिकांची नावे आणि क्रमांक फोटो काढून नेऊ शकला असता. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ हा डिजिटल स्वरूपातल्या माहितीसाठी आहे, परंतु सांगितलेल्या कामापुरतीच माहिती घ्यावी हे त्यातले तत्त्व कागदी वहीलाही लावायला हरकत नाही.

वाचनालयात सभासदांसाठी संगणक असेल तर वर्ग सुरू करण्यापूर्वी तो एकदा तपासा. आमच्या संगणकाच्या डाउनलोड फोल्डरमध्ये तीन वर्षांची आधारकार्डे, पॅनकार्डे आणि एका मुलीची दहावीची गुणपत्रिका सापडली. आता ब्राउझर खासगी विंडोमध्येच उघडतो, रोज संध्याकाळी ते फोल्डर रिकामे केले जाते आणि पडद्याच्या चौकटीवर "काम झाले की लॉग आउट करा" अशी चिठ्ठी आहे.

३. स्वयंसेवक निवडताना

महाविद्यालयीन मुले उत्साहाने येतात आणि त्यांना यावेच. मात्र पहिल्या दिवशी त्यांना तीन नियम लिहून द्या आणि त्यावर सही घ्या. पहिला, सभासदाचा फोन आपल्या हातात घ्यायचा नाही. कुठे दाबायचे ते तोंडाने सांगायचे, फार तर पेन्सिलीच्या टोकाने दाखवायचे. दुसरा, पिन, पासवर्ड किंवा ओटीपी टाकायची वेळ आली की मान दुसरीकडे वळवायची, आणि तसे करत असल्याचे बोलूनही दाखवायचे. तिसरा, कोणाच्या घरी मदतीला जायचे नाही आणि पैशाच्या व्यवहाराला हात लावायचा नाही.

हे नियम अनुभवातून आले. आमच्या एका गुणी मुलाने एका आजोबांचा फोन घेऊन दोन मिनिटांत सगळ्या सेटिंग्ज नीट करून दिल्या. आठ दिवसांनी आजोबांच्या खात्यातून सहाशे रुपये कमी झालेले दिसले आणि संशय साहजिकच त्या मुलावर गेला. शोध घेतल्यावर ते पैसे आजोबांनी स्वतःच मंजुरी दिलेल्या गॅसबिलाच्या आपोआप भरण्यात गेले असल्याचे कळले, पण ते कळेपर्यंत तीन आठवडे गेले आणि तो मुलगा पुन्हा वर्गात आला नाही. फोन ज्याचा असेल त्यानेच तो चालवायचा, या नियमामुळे वर्ग संथ चालतो; पण माणूस घरी गेल्यावर तेच काम पुन्हा करू शकतो.

४. पहिला तास : तीनच गोष्टी

पहिल्या दिवशी सगळे शिकवण्याचा मोह टाळा. आम्ही व्हॉट्सअॅपपासून सुरुवात करतो, कारण ते प्रत्येकाकडे असते आणि त्यात काही चुकले तरी पैसे जात नाहीत.

पहिली गोष्ट म्हणजे टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे खाते दुसऱ्या फोनवर उघडताना पिन मागणारे दुसरे कुलूप. सेटिंग्जमध्ये अकाउंट, त्यात हा पर्याय, आणि मग सहा आकडी पिन. जन्मतारीख ठेवू नका असे सांगितले की बहुतेक लोक लग्नाची तारीख ठेवतात, तेव्हा तेही आधीच सांगून टाका. सोबत ईमेल पत्ता भरायला लावा, अन्यथा पिन विसरल्यावर अडचण होते.

दुसरी गोष्ट लिंक्ड डिव्हायसेस. आपले व्हॉट्सअॅप आणखी कुठल्या यंत्रावर उघडे आहे याची ही यादी असते. एका शनिवारी एका बाईंनी ती उघडली आणि त्यांना तिथे विंडोज संगणकावरचे एक ब्राउझर दिसले. त्यांच्या घरी संगणकच नाही. टेबलावर एकदम शांतता पसरली. मग त्यांना हळूहळू आठवले की अकरा दिवसांपूर्वी स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात त्यांनी पेन्शनचा कागद छापून घेतला होता आणि दुकानातल्या मुलाने "काकू, इथला कोड स्कॅन करा" असे म्हटले होते. तेव्हापासून त्यांचे सगळे संदेश, नातवंडांचे फोटो, डॉक्टरांचे अहवाल त्या दुकानातल्या संगणकावर उघडे होते. दुकानदाराच्या मनात काही वाईट असेल असे मी म्हणत नाही. गर्दीत लॉग आउट करायचे राहून गेले असेल. बाईंनी त्या नोंदीवर बोट ठेवून लॉग आउट केले आणि ती नोंद नाहीशी होताना टेबलावरच्या सातही जणांनी पाहिली. त्यानंतर प्रत्येकाने आपापली यादी उघडली, आणि त्या दिवशी मला काही समजावून सांगावे लागले नाही. झेरॉक्सच्या दुकानात कागद ईमेलने पाठवावा, किंवा व्हॉट्सअॅप जोडलेच तर पैसे देण्याआधी आपल्याच फोनवरून ते तोडावे, हा नियम त्या दिवशी वर्गानेच ठरवला.

तिसरी गोष्ट, आपल्याला ग्रुपमध्ये कोण घालू शकते ते ठरवण्याची. प्रायव्हसीमध्ये ग्रुप्सच्या पर्यायात "माझे संपर्क" निवडले की शेअर बाजारातून दुप्पट पैसे मिळवून देणाऱ्या बहुतेक ग्रुपांचा रस्ता बंद होतो.

५. पैशाचे व्यवहार

दुसऱ्या आणि तिसऱ्या तासाला यूपीआय घ्या. इथे वाक्ये मोजकी असावीत आणि दर वेळी त्याच शब्दांत सांगावीत. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. क्यूआर कोड पैसे देण्यासाठी स्कॅन करतात, स्कॅन केल्याने पैसे येत नाहीत. जुना सोफा विकायला काढणाऱ्यांना हीच दोन वाक्ये वाचवतात.

त्यानंतर वीजबिल. "आज रात्री साडेनऊला तुमचा वीजपुरवठा खंडित होईल, या क्रमांकावर संपर्क साधा" असा संदेश आपल्याकडच्या असंख्य ग्राहकांनी पाहिलेला आहे. तो एखाद्या खासगी दहा आकडी क्रमांकावरून आलेला असतो, त्यात ग्राहक क्रमांक नसतो आणि पुढे बोलणे वाढले की समोरचा एखादे अॅप घ्यायला सांगतो. ते अॅप पडदा दुसऱ्याला दाखवणारे असते किंवा फोनवर येणारे संदेश चोरणारे. सभासदांना घरचे खरे बिल आणायला सांगा आणि त्यावरचा ग्राहक क्रमांक शोधायला लावा. हा सराव फार उपयोगी पडतो, कारण खऱ्या बिलात काय असते ते नीट पाहिलेले असले की खोट्यात काय नाही ते डोळ्याला लगेच दिसते.

फाइलच्या नावाचा शेवट "एपीके" असा असेल, तर ती लग्नाची पत्रिका असो की वाहतुकीचा दंड, ती उघडू नये. पत्रिका ही चित्र किंवा पीडीएफ असते. एपीके म्हणजे अॅप. एवढे साधे भाषांतर करून दिले की लोकांना ते पटते. बँकेचा ग्राहक सेवा क्रमांक गूगलवर शोधू नये, तो पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे असतो. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे "डॉट बँक डॉट इन" या पत्त्यावर नेण्यास सांगितले होते, तेव्हा पत्त्याचा शेवट पाहण्याची सवय लावावी.

दूरसंचार विभागाचे संचार साथी हे संकेतस्थळ आणि अॅपही एकदा उघडून दाखवा. आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत ते त्यात दिसते, हरवलेला फोन बंद करता येतो आणि "चक्षू" या सुविधेत संशयास्पद कॉल किंवा संदेश कळवता येतो. चक्षूवर कळवणे म्हणजे गेलेल्या पैशाची तक्रार करणे नव्हे, हे मात्र दोनदा सांगा. आमच्या एका सभासदांनी पैसे गेल्यावर चार दिवस तिथल्याच उत्तराची वाट पाहिली.

६. "डिजिटल अटक" : हा तास अभिनयाचा

याला पूर्ण वेळ द्या. डिजिटल अटक नावाची कोणतीही तरतूद भारतीय कायद्यात नाही. पोलीस, सीबीआय, सीमाशुल्क विभाग यांपैकी कोणीही व्हिडिओ कॉलवर माणसाला अटकेत ठेवत नाही आणि चौकशीसाठी पैसे "तपासणीच्या खात्यात" वळवायला लावत नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या "मन की बात"मध्ये पंतप्रधानांनीही हा विषय घेतला होता आणि आमच्या बहुतेक सभासदांनी तो ऐकलाही होता. तरीही प्रत्यक्ष सरावात काय झाले ते सांगण्यासारखे आहे.

आमच्या एका स्वयंसेवकाने शेजारच्या खोलीतून सरावाच्या फोनवर वायफायने व्हिडिओ कॉल केला आणि दरडावून सांगितले की तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत. फोन एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या हातात होता. हे नाटक आहे हे त्यांना माहीत होते, सगळे भोवती बसलेले होते, आणि तरीही ते साडेचार मिनिटे "हो साहेब, ऐकतोय साहेब" म्हणत राहिले. नंतर मी विचारले, फोन का ठेवला नाहीत? ते म्हणाले, "समोरचा बोलत असताना मधेच फोन कसा ठेवायचा? ते बरं दिसतं का?"

बँकेत असताना मी लोकांना भीतीमुळे आणि लोभामुळे फसताना पाहिले होते. सभ्यतेमुळे फसणारी माणसे मला या टेबलावर भेटली. म्हणून आता आम्ही फोन ठेवण्याचाच सराव करतो. वाक्य ठरवून दिले आहे : "मी फोन ठेवतो आहे. जवळच्या पोलीस ठाण्यात स्वतः येऊन भेटतो." हे वाक्य प्रत्येकाने मोठ्याने म्हणायचे आणि समोरचा काय म्हणतो याची वाट न पाहता लाल बटण दाबायचे. पहिल्यांदा लोक हसतात, दुसऱ्यांदा अडखळतात, तिसऱ्या वेळेपर्यंत जमते. त्यांना आणखी एक गोष्ट सांगा : समोरच्याने "घरात कोणाला सांगू नका" असे म्हटले की त्याच क्षणी घरातल्या कोणाला तरी हाक मारायची. एकट्या राहणाऱ्यांनी वाचनालयात किंवा शेजारी फोन करायचा. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइनही टिपणावर असू द्या.

७. पैसे गेल्यावर काय करायचे

हे पान वेगळे छापा आणि सभासदांना फ्रिजवर लावायला सांगा. क्रम महत्त्वाचा आहे.

पहिला फोन १९३० वर. ही सायबर आर्थिक फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात झपाट्याने फिरवले जातात. ते वाटेत गोठवता आले तरच परत मिळण्याची आशा असते, म्हणून मुलगा ऑफिसमधून येईपर्यंत थांबू नये. फोन लागला नाही तर पुन्हा लावावा आणि तोवर घरातल्या दुसऱ्या कोणी "सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन" या संकेतस्थळावर तक्रार भरायला घ्यावी. दुसरा फोन बँकेला, कार्ड आणि यूपीआय बंद करण्यासाठी. दोन्हीकडचे तक्रार क्रमांक तारीख-वेळेसह कागदावर लिहून घ्या.

लागणारी माहिती आणि कागद : ज्या खात्यातून पैसे गेले त्याचा क्रमांक, व्यवहाराचा यूटीआर म्हणजे संदर्भ क्रमांक (यूपीआयचा बारा आकडी असतो), रक्कम आणि वेळ, समोरच्याचा फोन क्रमांक किंवा यूपीआय पत्ता, संभाषणाचे स्क्रीनशॉट, खात्याचा उतारा आणि ओळखपत्राची प्रत. संभाषण रागाच्या भरात पुसून टाकू नये. ही चूक सर्वांत जास्त होते आणि लाजेपोटी होते.

पोलीस ठाण्यात जायचे झाल्यास हद्द लक्षात ठेवावी. ठाणे शहर आयुक्तालयात कल्याण, डोंबिवली, भिवंडी, उल्हासनगर येतात. नवी मुंबईचे आयुक्तालय वेगळे आणि मिरा-भाईंदर, वसई-विरारचेही वेगळे. १९३० वर फोन करताना मात्र हद्दीचा विचार करत बसू नका.

बँकेच्या जबाबदारीविषयी खरे तेच सांगा. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमांनुसार, चूक ग्राहकाची किंवा बँकेची नसून तिसऱ्याच कोणाची असेल आणि ग्राहकाने बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर त्याच्यावर काही भार पडत नाही. ग्राहकाने स्वतः ओटीपी सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे. कळवल्यानंतर झालेले नुकसान बँकेचे. म्हणून ओटीपी देऊन बसलेल्या माणसानेही तासाभरात कळवण्याला अर्थ आहे. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

एक सापळा इथे फार वाईट आहे. पैसे गेल्यानंतर काही आठवड्यांनी "तुमचे पैसे परत मिळवून देतो, फक्त प्रक्रिया शुल्क भरा" असा फोन येतो. आधीच पोळलेला माणूस त्याला पुन्हा बळी पडतो. शुल्क मागणारा कोणीही असो, फोन ठेवायचा. सराव झालेलाच आहे.

८. सोसायटीचा ग्रुप आणि डिजिटल नागरिकत्व

फसवणूक टाळणे हा अर्धा विषय झाला. उरलेला अर्धा, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याला इजा होऊ नये हा, लोकांना शिकायला तितकासा आवडत नाही. तरीही तो सोडू नका.

कायद्याची पार्श्वभूमी आपल्याच परिसरातली आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या एका मजकुरावरून अटक झाली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. त्यातूनच पुढे आक्षेपार्ह ऑनलाइन मजकूर पाठवणे गुन्हा ठरवणाऱ्या, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ए ला आव्हान दिले गेले आणि श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते कलम रद्द केले. मत मांडण्याचा अधिकार त्यामुळे बळकट झाला, पण त्याचा अर्थ काहीही पाठवावे असा नाही : दुसऱ्याची ओळख वापरणे (६६सी), दुसरा कोणी असल्याचे भासवून फसवणे (६६डी), खासगीपणाचा भंग करणारी छायाचित्रे पसरवणे (६६ई) आणि अश्लील मजकूर प्रसारित करणे (६७) हे गुन्हे आजही आहेत.

वर्गात मात्र कलमांपेक्षा सोसायटीच्या ग्रुपवरची उदाहरणे घ्या. घोडबंदर रस्त्यावरच्या मोठ्या संकुलांतून येणारे सभासद जे दाखवतात ते पाहून कधी कधी हताश व्हायला होते. घरकाम करणाऱ्या बाईंचे संपूर्ण आधारकार्ड चारशे जणांच्या ग्रुपवर "ओळख पटवण्यासाठी" टाकलेले असते. लिफ्टमध्ये खोडी करणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाचे सीसीटीव्ही चित्रण फ्लॅट क्रमांकासह फिरत असते. देखभाल शुल्क थकवलेल्यांची यादी फोन क्रमांकांसकट असते. त्या बाईंना विचारले होते का, एवढाच प्रश्न मी करतो आणि थांबतो. कागद द्यायचाच असेल तर शेवटचे चारच आकडे दाखवणारे मास्क केलेले आधार देता येते, ते कसे उतरवून घ्यायचे हे दाखवा आणि ग्रुपच्या अॅडमिननाही एकदा वर्गाला बोलवा. फॉरवर्ड होऊन आलेल्या बातम्यांसाठी आमच्याकडे एक खास सोय आहे, ती म्हणजे वर्तमानपत्रांची मांडणी. "अमुक औषधावर बंदी आली" असा संदेश आला की आम्ही त्या आठवड्याची चार वर्तमानपत्रे टेबलावर ठेवतो आणि बातमी शोधायला लावतो. वाचनालय असण्याचा एवढा सरळ फायदा दुसरा नाही.

९. मुलांचा वर्ग

मुलांना मोठ्यांबरोबर बसवू नका. आजोबांसमोर मुले बोलत नाहीत आणि नातवासमोर आजोबा चुका कबूल करत नाहीत. मुलांसाठी सुट्टीतले दोन तास पुरतात : ऑनलाइन खेळात भेटलेल्या अनोळखी माणसाला काय सांगू नये, आपला फोटो कोणी धमकीसाठी वापरला तर कोणत्या मोठ्या माणसाकडे जावे, आणि १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन. वर्गात मुलाचा फोन उघडून वाचण्याची परवानगी पालकांना देऊ नका.

१०. नोंदवही

डब्यातली जाड वही यासाठी असते. वर्गात विचारलेला प्रत्येक प्रश्न नाव न लिहिता तारखेसह नोंदवा. उत्तर लगेच आले नाही तर समोर कोरी जागा सोडा आणि आठवड्यात शोधून भरा. अंदाजाने उत्तर देऊ नका. दर तीन महिन्यांनी टिपणातले क्रमांक स्वतः लावून तपासा, संकेतस्थळे उघडून पाहा, कारण अॅपमधले पर्याय जागा बदलतात आणि जुने टिपण हातात असलेला माणूस गोंधळतो.

आमच्या वहीत आज एक जागा कोरी आहे. गेल्या शनिवारी एका आजींनी विचारले की त्यांचे यजमान वारले, त्यांचा फोन चालू आहे, त्यावर बँकेचे संदेश येतात आणि पिन कोणालाच माहीत नाही, तर आधी फोन बंद करावा की बँकेत जावे. मी बँकेत असतानाच्या माहितीवरून आधी मृत्यूचा दाखला घेऊन बँकेत जा, तोवर सिमकार्ड चालू ठेवा आणि तो फोन कोणाच्या हाती देऊ नका, इतके सांगितले आहे. वारसाच्या दाव्याला लागणाऱ्या कागदांची यादी त्यांच्या शाखेतून मागवली आहे. ती आली की येत्या शनिवारी त्याच पानापासून सुरुवात करायची आहे.